कारचे प्लग आणि प्लग-वायरी: पहिल्यांदाच ट्यून-अप करणाऱ्यांसाठी

माझी 1998 ची मारुती 800 आहे. कार्ब्युरेटरवाली, वडिलांकडून आलेली. तीन सिलिंडर, ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारे तीन प्लग आणि कॉइलची (बॅटरीचा करंट हजारो व्होल्टवर चढवते ती) धरून चार वायरी. याहून साधं इंजिन शोधून सापडायचं नाही, तरी त्या चार वायरींनी मला दोन पावसाळे नाचवलं. पावसात खंबाटकीचा चढ लागला की गाडी मिसिंग करायची (एखादा सिलिंडर मधेच पेटायचा नाही), मागून ट्रकवाले हॉर्न मारायचे. सुरूरच्या फाट्यावर चहा घेऊन इंजिन सुकेपर्यंत थांबलं की पुन्हा शहाण्यासारखी चालायची. गॅरेजमध्ये दर वेळी एकच उत्तर: "प्लग बदलून बघू." वर्षभरात तीनदा प्लग बदलले.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी रात्री दुकानातला दिवा घालवला, बॉनेट उघडं ठेवून इंजिन चालू केलं आणि इस्त्रीचं पाणी मारायच्या बाटलीने वायरींवर हलका फवारा मारला. दोन नंबरच्या वायरीवरून हेडवर (सिलिंडरांवरचं धातूचं झाकण) निळ्या ठिणग्या टिक-टिक करत उड्या मारत होत्या. "करंट इथंच गळतोय साहेब. प्लगपर्यंत पोचतोय कुठं?"

तेव्हापासून हे काम मी घरीच करतो. कुठे चुकतं, काय विकत घ्यायचं आणि काय घ्यायचं नाही, ते इथे क्रमाने लिहितोय.

आधी हे जवळ ठेवा

कागदपत्रं: गाडीचं ओनर्स मॅन्युअल आणि आरसी. मॅन्युअल हरवलं असेल तर आरसीवरचं मॉडेल, उत्पादनाचं वर्ष आणि चेसिस नंबर दाखवून अधिकृत स्पेअर पार्टच्या काउंटरवर पार्ट नंबर काढून मिळतो. "800 चा प्लग द्या" एवढ्यावर दुकानात जाऊ नका. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक इंजिन बदललेलं असतं. कार्ब्युरेटर आणि एमपीएफआय (कॉम्प्युटरच्या हिशेबाने पेट्रोल फवारणारी) या दोन गाड्या दिसायला जुळ्या, पण आतून वेगळ्या.

हत्यारं: प्लग पाना (जुन्या गाड्यांना 21 मिमीचा, बऱ्याच नव्यांना 16 मिमीचा, आत रबर किंवा चुंबक असलेला घ्या, म्हणजे प्लग निसटत नाही), एक्स्टेन्शन आणि रॅचेट, फीलर गेज (बारीक अंतर मोजायची पत्र्याची पानं), साधा डिजिटल मल्टिमीटर, हवा मारायला पंप, मार्कर, चिकटपट्टी, थोडं सिलिकॉन ग्रीस. टॉर्क पाना असेल तर उत्तमच. नसला तरी अडत नाही, कसं ते पुढे येईल.

1. खरंच प्लगचा दोष आहे का ते बघा

गाडी आयडलला थरथरते, सकाळी उशिरा स्टार्ट होते, पिकअप गेलाय, अ‍ॅव्हरेज पडलंय, पीयूसीला हायड्रोकार्बनचा आकडा वर गेलाय: ही सगळी लक्षणं प्लगची असू शकतात. वायरींची असू शकतात, आणि एअर फिल्टर, टॅपेट, कार्ब्युरेटर यांचीही असू शकतात. फरक कळायला एक खूण आहे. सपाट रस्त्यावर ठीक, पण चढाला किंवा जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर अडखळते, आणि पावसात ते वाढतं, असं असेल तर आधी वायरींवर संशय घ्या. इंजिनवर भार आला की सिलिंडरमधला दाब वाढतो. त्या दाबात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. व्होल्टेज चढलं की करंट सोपी वाट शोधतो, आणि चिरलेल्या वायरीतून बाहेर पडून ओल्या हेडवर जाणं त्याला प्लगपेक्षा सोपं पडतं.

एक सावधगिरी. इंजिन चालू ठेवून एकेक वायर उपटून "कुठल्या सिलिंडरला फरक पडत नाही" ते बघायची जुनी पद्धत आहे. जुन्या कार्ब्युरेटर गाडीत ती चालून गेली. एमपीएफआय गाडीत करू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही तर कॉइल आणि इग्निशनचं इलेक्ट्रॉनिक्स जाऊ शकतं, आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा डबा) जाऊन तो तापतो. हाताला बसणारा वीसएक हजार व्होल्टचा झटका वेगळाच.

2. प्लगचा नंबर वाचायला शिका

प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर छापलेला नंबर म्हणजे त्याची कुंडली. ती वाचता आली की दुकानदार काहीही हातात ठेवू शकत नाही.

एनजीकेचा बीपीआर6ईएस घेऊ. हे फक्त उदाहरण आहे, तुमच्या गाडीला हाच लागेल असं नाही. 'बी' म्हणजे 14 मिमीचे आटे आणि मोठा, 21 च्या पान्याचा षटकोन. 'पी' म्हणजे टोक थोडं बाहेर आलेलं. 'आर' म्हणजे आत रेझिस्टर आहे. '6' ही हीट रेंज. 'ई' म्हणजे आट्यांची लांबी 19 मिमी. 'एस' म्हणजे साधं, तांब्याच्या गाभ्याचं मधलं इलेक्ट्रोड. मागे '-11' असेल तर गॅप, म्हणजे दोन टोकांमधलं अंतर, 1.1 मिमी. सुरुवात 'बीके' ने होत असेल तर आटे तेच 14 मिमी, पण पाना 16 चा.

यातल्या तीन गोष्टींत तडजोड नाही.

पहिली आट्यांची लांबी. 19 मिमीच्या जागी 12.7 मिमीचा प्लग बसतो, गाडी चालतेही. पण हेडमधले उरलेले आटे उघडे राहतात, त्यांत कार्बन भरतो, आणि पुढच्या वेळी बरोबर लांबीचा प्लग आतच जात नाही. उलट, आखूड लागतो तिथे लांब बसवला तर तो पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला आदळू शकतो. ती हेड उतरवण्याची तयारी समजा.

दुसरी 'आर'. रेझिस्टर नसलेला प्लग दोन पैशांनी स्वस्त मिळतो. रेडिओवर खरखर येते ती सोडून द्या, पण ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) असलेल्या गाडीत तोच विद्युत गोंगाट सेन्सरांच्या तारांत शिरतो. मॅन्युअलमध्ये 'आर' असेल तर 'आर' च घ्या.

तिसरी हीट रेंज, आणि इथे लोक हमखास फसतात. हीट रेंज म्हणजे ठिणगी किती गरम ते नव्हे. प्लग स्वतःची उष्णता हेडकडे किती वेगाने सोडतो, ते. टोक साधारण 450-500 अंश सेल्सिअसच्या वर तापलं की त्यावरचा कार्बन आपोआप जळून जातो. 800-850 च्या पुढे गेलं तर ठिणगीआधीच पेट्रोल पेटतं. या दोन आकड्यांच्या मधे टोक राहावं म्हणून कंपनी नंबर ठरवते. गोंधळ असा की एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, तर बॉशमध्ये आकडा वाढला की गरम. एनजीकेचा 6 म्हणजे ढोबळमानाने डेन्सोचा 20 आणि बॉशचा 7. "सहा नाहीये, सात घ्या, एकच आहे" असं कोणी म्हणालं तर आधी विचारा, कुठल्या कंपनीचा सात?

जाता जाता: जुने मिस्त्री अजून "मायकोचा प्लग" म्हणतात. मायको म्हणजे बंगळूरची मोटर इंडस्ट्रीज कंपनी, 2008 पासून तिचं नाव बॉश लिमिटेड आहे. मायको सांगितलं की काउंटरवर बॉशचा डबा निघतो, त्यात कोणी तुम्हाला फसवत नाहीये.

3. साधा, प्लॅटिनम की इरिडियम?

मॅन्युअलमध्ये जो सांगितलाय तो. जुन्या गाडीला साधा निकेल प्लग लागत असेल तर इरिडियम टाकून पिकअप दुप्पट होत नाही. मी एकदा हौसेने टाकून पाहिले. गाडी छान चालली, पण नव्या साध्या प्लगवरही ती तितकीच छान चालते. मला जाणवलेला फरक नव्या-जुन्याचा होता, धातूचा नव्हे.

इरिडियमचा खरा फायदा आयुष्याचा. साधा प्लग 15-20 हजार किलोमीटरला बदलावा, इरिडियम त्याच्या कितीतरी पट टिकतो. ज्या गाडीत प्लगपर्यंत पोचायला इनटेक मॅनिफोल्ड उतरवावा लागतो, तिथे ही किंमत वसूल होते. माझ्या 800 मध्ये प्लग काढायला दहा मिनिटं लागतात, मला कशाला हवाय? उलटी चूक मात्र करू नका: कंपनीनेच इरिडियम दिलेल्या गाडीत पैसे वाचवायला साधा टाकू नका.

चार टोकांचे, खाचावाले, "रेसिंग" लिहिलेले प्लग कपाटातच शोभतात.

4. डुप्लिकेट ओळखा

प्लगमध्ये नकली माल भरपूर आहे. पुण्यात नाना पेठेत घ्या नाहीतर गावच्या स्टँडजवळ, बिल मागा. बिल द्यायला कां-कूं झाली की तिथून निघा. प्लग हातात घेऊन बघा: छपाई नखाने खरवडून जाते का, आटे स्वच्छ आणि चकचकीत आहेत का, वॉशर सहज गळून पडतो का (चांगल्या प्लगचा फिरतो, पण निसटत नाही), खालचं टोक मधल्या टोकाच्या बरोबर समोर आहे की तिरकं. एका दुकानातून आणलेल्या तीन प्लगांपैकी एकाचं टोक इतकं बाजूला होतं की घरी येऊन बघितल्यावर मलाच हसू आलं. तेव्हापासून डबा काउंटरवरच उघडतो.

5. गॅप मोजा, डब्यावर विसंबू नका

दोन टोकांमधलं अंतर म्हणजे गॅप. जुन्या कार्ब्युरेटर गाड्यांना तो बहुधा 0.7-0.8 मिमी असतो, एमपीएफआयना बहुधा 1.0-1.1. तुमचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. नवा प्लग डब्यात पडून-आपटून आलेला असतो, म्हणून प्रत्येक प्लग मोजायचाच. फीलर गेजचं पान किंचित अडखळत सरकलं पाहिजे. गॅप कमी करायचा तर बाहेरचं टोक लाकडावर हलकेच टेकवा. वाढवायचा तर तेच टोक बाहेरून वाकवा. मधल्या इलेक्ट्रोडला टेकू देऊन उचकटू नका, चिनी माती तडकते.

इरिडियमचं मधलं टोक 0.4-0.6 मिमी जाडीचं, पेन्सिलच्या शिशासारखं असतं. त्याला गेज घासू नका, वायर ब्रश तर अजिबात नको.

सीएनजीवाल्यांसाठी दोन ओळी जास्त. गॅसमध्ये ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, आणि टोकंही लवकर झिजतात. कंपनीने सीएनजी दिलेल्या गाडीत मॅन्युअलचाच आकडा पाळा. बाहेरून किट बसवलं असेल तर किटवाले सहसा गॅप 0.1-0.2 मिमीने कमी करतात, तो करा, आणि प्लग निम्म्या अंतराला तपासा. पेट्रोलवर नीट आणि गॅसवर मिसिंग, अशी तक्रार असेल तर किट उघडण्याआधी प्लग आणि वायरी बघा.

6. वायरी: खरी गोम इथे आहे

प्लगचं जितकं बोललं जातं तितकं वायरींचं बोललं जात नाही, कारण वायर बाहेरून धडधाकट दिसते.

तुमच्या गाडीला वायरी आहेत का ते आधी बघा. बऱ्याच नव्या गाड्यांत प्रत्येक प्लगवर थेट कॉइल बसलेली असते, वायरीचा प्रश्नच नाही. काही गाड्यांत दोन कॉइल दोन प्लगांवर आणि त्यांतून निघालेल्या दोन वायरी उरलेल्या दोन प्लगांना, अशी रचना असते. डिस्ट्रिब्युटरवाल्या (कॉइलचा करंट पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटतो तो) जुन्या गाडीत जितके सिलिंडर तितक्या वायरी, आणि बहुतेकींत कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरपर्यंतची एक जास्त.

आतून ही साधी तांब्याची तार नसते. मधे कार्बन मुरवलेला धागा किंवा बारीक तारेचं वेटोळं असतं, आणि त्याला मुद्दाम रोध ठेवलेला असतो. म्हणूनच ती मल्टिमीटरने तपासता येते. वायर दोन्हीकडून काढा, मीटर 20 किलोओहमवर लावा, दोन टोकांना पिना टेकवा. लांब वायरीचा आकडा जास्त, आखूड वायरीचा कमी, हे बरोबर. माझ्या मॅन्युअलच्या हिशेबाने हातभर वायरीला काही किलोओहम यायला हवेत. एकच वायर बाकीच्यांच्या रांगेतून उठून वर गेली असेल, किंवा मीटर काहीच दाखवत नसेल, तर ती गेली. मीटर लावलेला असतानाच वायर हळूहळू वाकवा. माझी दोन नंबरची वायर सरळ धरली की 6.1 दाखवायची आणि टोपीजवळ (प्लगवर बसणारं टोकाचं रबर) वाकवली की आकडाच गायब. गाडीच्या थरथरीत आत नेमकं हेच होत असणार.

पण मीटरमध्ये पास झालेली वायरही गळू शकते, कारण मीटर आतला धागा मोजतो, बाहेरचं रबर नाही. त्यासाठी सुरुवातीची फवाऱ्याची परीक्षा. अंधार, चालू इंजिन, हलका फवारा. जिथे निळं दिसेल तिथे वायर किंवा टोपी चिरलेली आहे. हात, सैल बाह्या आणि ओढणी पंख्याच्या पट्ट्यापासून लांब, आणि वायरींना स्पर्श नाही. पाणी फवाऱ्यातूनच, पाइपने नव्हे.

खरेदी करताना पूर्ण सेटच घ्या. एक वायर गेली म्हणजे तिच्या बहिणीही तितक्याच वयाच्या आहेत. सेट तुमच्याच इंजिनचा हवा. लांबी जास्त असली की वायर गरम एक्झॉस्टवर लोळते, कमी असली की ताणून बसते आणि वळणावर निसटते. टोपीचं रबर दाबून बघा, मऊ आणि चिवट लागलं पाहिजे. दुकानात मीटर घेऊन जायला लाजू नका. मी नेतो, एकदा नवाकोरा सेट तिथेच नापास झालाय. आणि "तांब्याची आहे, करंट जोरात जातो" असं सांगून विकल्या जाणाऱ्या, रोध नसलेल्या वायरी घेऊ नका, 'आर' नसलेल्या प्लगसारखाच गोंगाट त्यांनीही होतो. माझ्या गाडीत आधी कोणीतरी तसाच सुटा माल जोडून ठेवला होता.

वायरींसोबत डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडून बघा. आत पेन्सिलीने ओढल्यासारख्या बारीक काळ्या रेघा दिसल्या तर त्या कार्बनच्या वाटा आहेत, करंट त्यांवरून पळतो. अशी कॅप पुसून चालत नाही, बदला. आत घाम धरला असेल तर कोरड्या कापडाने पुसा. कॅपच्या आत फिरणाऱ्या रोटरचं टोक जळून खडबडीत झालं असेल तर तोही त्याच फेरीत आणा.

7. काढणे आणि बसवणे

इंजिन पूर्ण थंड हवं. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग काढला तर आटे सोबत येतात.

एका वेळी एकच. एक वायर काढा, तो प्लग बदला, नवी वायर लावा, मग पुढची. सगळ्या एकदम उपटल्या की क्रम चुकतो, आणि मग स्टार्टरला गाडी फट्-फट् करते. 800 चा फायरिंग क्रम 1-3-2, बहुतेक चार सिलिंडरवाल्यांचा 1-3-4-2. तरी पाठांतरावर जाऊ नका. काढण्याआधी फोटो काढा आणि प्रत्येक वायरीला नंबर लिहिलेली चिकटपट्टी लावा.

वायर काढताना टोपी धरा, अर्धा वळसा फिरवा, मग ओढा. वायर धरून ओढलीत तर आतला धागा तिथेच तुटतो. प्लग उघडण्याआधी खळग्यात हवा मारा. तिथली वाळू प्लग निघताच थेट सिलिंडरमध्ये पडते.

निघालेले जुने प्लग क्रमाने वर्तमानपत्रावर मांडा आणि टोकं बघा. बदामी किंवा करडा रंग म्हणजे प्रकृती ठणठणीत. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय: चोक अडकलाय, एअर फिल्टर चोंदलाय, किंवा ठिणगीच अशक्त आहे. तेलकट ओला म्हणजे ऑइल वर येतंय, रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या सीलचा खर्च डोक्यात ठेवा. पांढराफटक, फोड आलेला म्हणजे इंजिन जास्त तापतंय किंवा प्लगचा नंबर चुकलाय. तिन्ही सारखे दिसत असतील तर कारण सगळ्या इंजिनाचं. एकच वेगळा असेल तर त्याच सिलिंडरचं. माझ्याकडे एक आणि तीन बदामी, दोन नंबरचा काळा कुळकुळीत होता. हे पहिल्याच गॅरेजमध्ये कोणी वर्तमानपत्रावर मांडून बघितलं असतं तर तीन सेटचे पैसे वाचले असते.

नवा प्लग आधी हातानेच फिरवा, निदान पाच-सहा आटे. पोचायला अडचण असेल तर जुन्या पेट्रोल पाइपचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यावर खोचा आणि त्याने फिरवा. आटे आडवे लागले तर पाइप आपोआप घसरतो, पाना मात्र घसरत नाही, आटे कापून टाकतो. हाताने टेकल्यावर, वॉशरवाला नवा प्लग असेल तर पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश वळसा, बस्स. तोच प्लग पुन्हा बसवत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो, त्याला साधारण एक दशांशाहून थोडा कमी वळसा पुरतो. बिनवॉशरचा, शंकूच्या बैठकीचा प्लग असेल तर सोळावा हिस्सा. टॉर्क पान्यावर 14 मिमीच्या वॉशरवाल्या प्लगला अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये 25 ते 30 न्यूटन-मीटर. आट्यांना ऑइल किंवा ग्रीस लावू नका. निसरडे झाले की तोच जोर जास्त बसतो आणि आटे ताणले जातात.

सिलिकॉन ग्रीस टोपीच्या आतल्या कडेला बोटाने पुसटसं, पाणी शिरू नये म्हणून. टोपी दाबताना 'टक्' असा आवाज यायला हवा. तो न आल्यानेच निम्मी "नवीन वायरी टाकूनही मिसिंग" ही तक्रार असते. शेवटी वायरी प्लास्टिकच्या क्लिपांत परत अडकवा. त्या क्लिपा शोभेच्या नाहीत, वायरी एकमेकींना आणि गरम लोखंडाला चिकटू नयेत म्हणून असतात.

8. बसवल्यावर

गाडी सुरू करा, पाचेक मिनिटं आयडलला ठेवा, मग एखाद्या चढावर नेऊन या. रात्री पुन्हा दिवा घालवून फवारा मारा. काळोखाशिवाय काही दिसता कामा नये.

जुन्यातला बऱ्यातला बरा एक प्लग आणि प्लग पाना डिकीत टाकून ठेवा. किलोमीटरचा आकडा मी एअर फिल्टरच्या डब्यावर मार्करने लिहितो. वहीत लिहिलेला कधीच वेळेवर सापडत नाही.